काळ्या तिळांचा तिळगूळ

बुधवार, १४ जानेवारी
ग्रीस, बेटावरून

प्रिय राधिकाताई,

संक्रांतीचा तिळगूळ लांबूनच घे. काका मजेत आहेत. थंडी आहे, पण शिकागोसारखी हाडात शिरणारी नाही. तुझ्याकडे सनीव्हेलला आत्ता पहाटेचे पाच वाजले असतील, इथे दुपारचे तीन. काका आत झोपलेत.

आम्ही अजून एलेनीबाईंच्याच घरी, वरच्या मजल्यावर. गावात दोनच दुकानं उघडी असतात, एक बेकरी आणि एक खिळ्यांपासून मेणबत्त्यांपर्यंत सगळं विकणारं. बाकी हॉटेलांच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधल्यात. पोहायच्या तलावात पाणी नाही, तळाशी मांजरं ऊन खात पडलेली असतात. त्यातला एककान्या बोका रोज न बोलावता जेवायला येतो, त्याचं नाव मी जावईबापू ठेवलंय. काका म्हणाले, "सुवर्णा म्हणायची, यांनी मला अख्खं जग दाखवलं, पण कुलूप लावलेलं." ऑफ सीझनशिवाय कधी तिकीटच काढलं नाही ना त्यांनी.

हां, तिळगुळाचं राहिलं. शिकागोहून निघायच्या आधी मी काकांना डेव्हनला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, घेऊन गेलो होतो. पार्किंग मिळेना म्हणून मी गाडीत चकरा मारत होतो आणि काका एकटेच जाऊन पिशवी घेऊन आले. काळे तीळ, जवाचं पीठ आणि कसलंसं वाळकं गवत. म्हटलं, "काका, संक्रांतीची तयारी महिनाभर आधीच?" तर म्हणाले, "ऐन वेळी मिळत नाही रे." त्यातल्या उरलेल्या तिळांचा मी आज सकाळी तिळगूळ केला. गूळ नव्हता, मध घातला. वाटीभर काळे गोळे झाले. काका बघून हसायला लागले. हसता हसता खोकला आला आणि मग नुसता खोकलाच राहिला.

"अरे गाढवा, काळ्या तिळांचा कुणी करतं का? ते संक्रांतीचे नव्हेत."

ते कशाचे, ते मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे. तेच लिहायला बसलोय आणि मांजरांची नावं सांगत बसलोय.

आल्यावर चौथ्या दिवशी काका मला किनाऱ्यावर घेऊन गेले. ते गवत म्हणजे दर्भ. त्याची अंगठी करून बोटात घातली, पिठाचा पिंड केला, वर तीळ घातले. ते सांगतील तसं मी पाणी ओतत होतो. काकूंना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्यांचंच काहीतरी असणार असं मी धरून चाललो. मधेच 'देवदत्त', काकांचं स्वतःचं नाव ऐकू आलं, वाटलं करणाऱ्याचंही नाव घेत असतील. कावळा काही दिसेना. "इथले कावळेपण सीझनलाच येत असतील," मी म्हटलं. तेवढ्यात एक सीगल आला आणि पिंड उचलून गेला.

काका बघतच राहिले. "क्षणभरसुद्धा थांबला नाही बघ. म्हणजे माझं काही राहिलं नाही."

एलेनीबाईंनी गच्चीवरून हे पाहिलं होतं. त्यांच्यातही गेलेल्या माणसासाठी गहू उकडून, साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून चर्चमध्ये नेतात, आणि नावाची चिठ्ठी पाद्रीबाबांकडे देतात. पुढच्या आठवड्यात त्यांनी काकूंसाठी म्हणून काकांकडे नाव मागितलं. काकांनी लिहून दिलं. थोड्या वेळाने बाई चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. "धिस इज डॉक्टर," म्हणाल्या. "डॉक्टर ईट्स माय सूप. नो."

चिठ्ठीवर एकच नाव होतं. काकांचं.

मी तसाच वर गेलो आणि विचारलं. पेशंटला सांगावं तसं शांतपणे त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, ऑक्टोबरपासून माहीत आहे, ट्रीटमेंट घेणार नाही. "मुलगा नाही, म्हणून माझं पिंडदान मीच उरकलं. राधिका तिकडे कुठे भटजी शोधत फिरणार? आणि तिला कळलं तर उचलून नेईल, नळ्या लावील. ऐकायची नाही. माझीच मुलगी ती." मग काकूंच्या फोटोवर माझा हात ठेवायला लावला. राधिकाशी यातलं एक अक्षर बोलायचं नाही. ताई, काकूंच्या हातची थालीपीठं खाऊन मी मोठा झालो. मी हात ठेवला.

नंतरचे दोन रविवार तू स्पीकरवर विचारलंस, "बाबा नीट जेवतात ना?" काका समोर बसलेले. मी म्हटलं, "दाबून!" तेव्हाही दोन घासांपुढे जात नव्हतं.

वर 'मजेत आहेत' लिहिलंय ते खोटं आहे.

परवापासून ते जिना उतरलेले नाहीत. डोळे पिवळे झालेत. बेटावरचा डॉक्टर काल आला, काकांनी त्याला कॉफी पाजून परत पाठवला. आणि वारा फिरलाय. एलेनीबाई सकाळपासून खिडक्यांच्या झडपा दोरीने बांधतायत. शनिवारची बोट येईल म्हणतात, पण त्यानंतर आठवडाभर काही खरं नाही.

आत्ता काका उठले होते.

"कुणाला लिहितोस?"

"ताईला."

"काय?"

"तुम्ही मजेत आहात म्हणून."

खिडकीतून धक्क्याकडे बघत बसले. धक्क्यावर कुणी म्हणजे कुणी नव्हतं. मग म्हणाले, "तिला म्हणावं, खरा तिळगूळ कसा असतो ते या गाढवाला एकदा दाखव. पांढऱ्या तिळांचा." आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवे झाले.

मी बोलणार नाही म्हणालो होतो. बोलत नाहीये, लिहितोय. ही पळवाट काकूंना पटली नसती, माहीत आहे. त्यांच्याशी माझं मी बघून घेईन. मेसेज करायला गेलो तर तीन शब्दांत संपत होतं आणि ते तीन शब्द माझ्याच्याने टाइप होईनात. आता या कागदांचा फोटो काढून पाठवतो.

फोन करू नकोस. आजचं विमान पकड, म्हणजे शनिवारची बोट मिळेल. नळ्यांचा विषय काढू नकोस. तिळगूळ घेऊन ये, पांढऱ्या तिळांचा. कुरियर नको, तू घेऊन ये.

शनिवारी मी धक्क्यावर उभा असेन. काका वर खिडकीत असतील, असं मी धरून चाललोय.

शपथ मोडलेला,
निहार