माझी दाढ आणि डॉक्टरांचाच हात

५ तारीख, सोमवार.
खालची उजवी दाढ चहाला ठणकते. निश्चय: आठवडाभरात निकाल लावायचा. दातांच्या बाबतीत चालढकल मला खपत नाही.

६ तारीख.
दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसलो, आ केला, तेवढ्यात कळलं की समोरच्या बाई डॉक्टर नाहीत, डेंटल थेरपिस्ट आहेत, म्हणजे फक्त लहानसहान कीड भरणाऱ्या. तोंड मिटलं. त्या म्हणाल्या, कीड लहान आहे, तीन वर्षं हेच शिकलेय, वीस मिनिटांत भरून देते. म्हटलं, बाई, दाढ आहे ही, उशी नव्हे! डॉक्टरांची तारीख घेतली. २६. कळ काढू. आपण काय लेचेपेचे आहोत?

९ तारीख.
न्हावी म्हणाला, लवंग दाबून धरा. अनुभवी माणूस. लगेच धरली.

१२ तारीख.
बायको त्याच थेरपिस्टबाईंकडून दोन दाढा भरून आली. वर माझ्यासमोर अक्रोड खात बसली. म्हटलं, महिन्याभरात सिमेंट निघेल. ती म्हणाली, लावता पैज? दाढ ठणकत होती म्हणून वाद वाढवला नाही.

१५ तारीख. ऑफिसात, दुपारी.
दवाखाना चालवणाऱ्या कमिटीला अर्ज लिहिला: डॉक्टरांखेरीज कोणीही पेशंटच्या तोंडात हात घालू नये. सत्तावीस सह्या जमवल्या. भाषा काय उतरलीय, वा! शिपाई म्हणाला, साहेब, गाल सुजलाय. म्हटलं, तब्येत सुधारतेय.

१९ तारीख.
फक्त दूध. मनोबल उत्तम.

२२ तारीख. सकाळी सात.
मनोबल संपलं. चक्क रडलो. लाज गुंडाळून ठेवली आणि दवाखाना उघडताच थेरपिस्टबाईंसमोर आ केला. म्हटलं, ताई, काय वाट्टेल ते करा. त्यांनी बघितलं. हळूच म्हणाल्या, काका, कीड पार मुळापर्यंत गेली. आता हे माझ्या कामात बसत नाही, डॉक्टरच काढतील. मी त्यांचा हात सोडेना. शेवटी त्यांनीच सोडवून घेतला.

२६ तारीख.
आज सुटका! तासभर आधीच पोचलो. बघतो तर रांग जिन्यापर्यंत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, कमिटीकडे कुणाचा तरी अर्ज आला होता, तो मंजूर झाला. थेरपिस्टबाईंचं काम बंद. त्यांचे सगळे पेशंट आता डॉक्टरांकडे, म्हणून तुमची तारीख पुढच्या महिन्यात १७. रांगेतले एक आजोबा गाल धरून माझ्याकडे वळले. म्हणाले, कुठल्या गाढवाने केला हो हा अर्ज?
सुजेमुळे तोंड उघडत नव्हतं. नुसती मान हलवली.