पुठ्ठ्यावरची पेन्सिल

ऑर्हूस,
मंगळवार, १४ मार्च १९८९

प्रिय आस्गर,

वॉर्डातली पाळ्या लावायची आपली यंत्रणा कालपासून बंद आहे. हेड नर्स बोडिलने काल सकाळीच फोन करून कळवलं. तिचा शब्द पुरेसा होता, तरी दुपारी जाऊन पाहून आले. वॉर्डातल्या संगणकावर टॉवेल टाकलाय आणि ड्यूटीचा जुना कागदी तक्ता पुन्हा भिंतीवर आलाय.

तू बरा असशील. ट्रोम्सोत अजून बर्फ असेल आणि तू टोपी न घालता हिंडत असशील. इथे सगळे ठीक. शुक्रवारी ऑफिसात पाव आणायची तुझी पाळी आता प्रेबेनकडे आली आहे. खसखशीचे आणतो, पण गार झालेले.

झालं ते असं. परवा रविवारी संध्याकाळी तिघींऐवजी एकटी इंगा होती, बावीस पेशंटना. पाणी मागून कंटाळलेले एक आजोबा स्वतःच उठले आणि पडले. मनगट मोडलं. आता बरे आहेत. त्या पाळीच्या दोन जागा आपल्या पडद्यावर आठवडाभर रिकाम्या दिसत होत्या. सगळ्यांनी पाहिल्या, कुणी भरल्या नाहीत.

"मग तक्त्यावर कशा भरायच्या?" मी बोडिलला विचारलं.

"पेन्सिलीनं. रविवारी जमेलसं वाटलं की आपलं आद्याक्षर टाकायचं, हलकंसं. दुसरी ते बघते, तिला सोयीचं असलं तर शेजारी आपलं टाकते, नाहीतर कॉफी पिताना विषय काढते. मग गुरुवारी मी शाईनं गिरवते. तोवर कुणी बांधलेलं नाही, पण जागा अगदी उघडीही नाही."

"हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचं काय त्यात, गुद्रूनबाई? तुमच्या नाकासमोर दीड महिना तेच तर करत होतो."

खरं आहे ते. सप्टेंबरात आपण पुठ्ठ्याचा संगणक करून वॉर्डात नेला होता, कागदाचा पडदा चिकटवलेला. परिचारिकांनी त्यावर खरी कामं करून पाहिली, प्रत्येक गोष्टीला 'छान' म्हणाल्या, आणि मी त्यांचा शब्द न् शब्द लिहून घेतला. त्या लिहीत होत्या पेन्सिलीनं, मध्येच खोडत होत्या. कागद आहे म्हणून तसं करताहेत, असं मी धरून चालले. खरा पडदा आला तेव्हा त्यावर प्रश्न होता: 'ही पाळी घेण्याचं वचन देता? होय. नाही.'

"चर्चमध्ये लग्नात पाद्री विचारतो तसं वाटायचं," बोडिल म्हणाली. "तिथंसुद्धा माणूस एकदाच उभं राहतं. तुम्ही आम्हाला रोज उभं केलंत."

तू हे नोव्हेंबरच्या बैठकीत सांगितलं होतंस. वचन दोघांमध्ये हळूहळू तयार होतं, म्हणालास, आणि आपण ते तयार व्हायच्या आधीच त्याची नोंद मागतोय. मी म्हणाले होते की जे कुणी बोललंच नाही, त्याच्या भरवशावर चारजणांनी मिळून काम करता येत नाही. अजूनही मला त्यात तथ्य वाटतं. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. "आस्गरला धुकं आवडतं, आपल्याला फेब्रुवारीत यंत्रणा द्यायची आहे," असं सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. तूही हसलास, जरा उशिरा.

आणखी एक आहे, ते मी दोन पानं पुढे ढकलत आले.

त्यानंतर आठ दिवसांनी, सायकलचं कुलूप काढताना तू म्हणालास, "ट्रोम्सोला एक जागा निघालीय. जावं की काय, विचार करतोय." मी म्हणाले, "चांगली संधी आहे, अर्ज कर." तू कुलूप पुन्हा लावलंस आणि पुन्हा उघडलंस. मला वाटलं, किल्ली अडकली. घरी जाताना तर मी स्वतःवर खूश होते, की भांडण मनात न ठेवता तुझ्याशी मोकळेपणानं वागले.

तू मला कळवत नव्हतास, आस्गर. विचारत होतास. हे मला काल वॉर्डातून बाहेर पडताना कळलं. त्यानंतर बराच वेळ बसथांब्यावर बसून होते. दोन बस सोडल्या.

ईस्टरनंतर, गुरुवारी ३० तारखेला, वॉर्डात बैठक आहे. यंत्रणा ठेवायची की काढून टाकायची, हे परिचारिका ठरवतील. बोडिल म्हणते, "तो उंच, कोपऱ्यात बसून नुसता बघायचा, तो येणार असेल तर आणखी एकदा ऐकून घेऊ." प्रेबेनला सांगितलंय की तुला यंत्रणेसाठी बोलावते आहे. तुला तसं सांगणार नाही. बैठक तासाभराची आहे. तू त्यानंतरही इथेच राहावंस असं मला वाटतं. राहशील का?

आदल्या दिवशी, बुधवारी, कोपनहेगनची गाडी चार वाजून दहा मिनिटांनी येते. मी स्टेशनवर असेन. तू उतरला नाहीस तर गुरुवारी एकटी जाईन, आणि चूक कुणाची होती ते त्यांना सांगेन.

तू गेल्यापासून तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू न देणारी,
गुद्रून