हात दुखेपर्यंत फेटणे

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७
ठरलं. यंदा वर्षअखेरच्या सुट्टीत फ्रूटकेक घरी करायचा, आईच्या वहीतला. २८ डिसेंबरच्या रविवारी ताईला बोलवायचं आणि केक तिच्यापुढे ठेवायचा. एक शब्द बोलायचा नाही. जे काय बोलायचं ते केक बोलेल.

तीन वर्षं झाली, आम्ही दोघी बहिणी एका टेबलाला बसलो नाही. ह्यात माझी काही चूक नाही, हे एकदा नीट लिहून ठेवते. त्या वर्षी ताईने आईच्या निळ्या काठाच्या प्लेटमध्ये बेकरीचा केक ठेवला. खालचा चुण्याचुण्यांचा कागदसुद्धा काढला नव्हता. मी फक्त विचारलं, आईच्या प्लेटमध्ये विकतचा केक? अकरा माणसं होती. आवाज थोडा मोठा लागला असेल. शाळेत सिस्टर म्हणायच्या, तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तो गुण आहे.

त्यावर ताईने काय करावं? सुरी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, तूच काप. आमच्या घरात केक मोठ्या माणसाने कापायचा. आधी आई, आईनंतर ताई. सगळ्यांसमोर सुरी अशी ढकलून देण्याचा अर्थ मला कळतो. मी अर्धा चहा टाकून उठले. जाताना केक टेबलावर काढून ठेवला आणि प्लेट घेऊन आले. प्लेट आईने मलाच देते म्हटलं होतं.

माफी मागणार नाही. तो प्रश्नच येत नाही.

१० नोव्हेंबर
बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, चेरी, संत्र्याच्या सालीचे तुकडे, सगळं रममध्ये भिजवलं. मोठी बरणी, जिन्याखालच्या कपाटात. रोज हलवायची. हे म्हणाले, अर्धी बाटली मनुकांना आणि नवऱ्याला नुसता वास? लक्ष दिलं नाही.

१२ नोव्हेंबर. दुपारी
ताईला फोन केला. भाचीने उचलला आणि स्पीकरवर टाकला. ताई आता फोन हातात धरत नाही म्हणे. मोठ्या साहेबांसारखं लांबून बोलायचं. आमंत्रण दिलं. बघू, म्हणाली. केक घरी करतेय, असं सांगितलं. मग म्हणाली, कोण करणार? मी म्हटलं, मी. त्यावर एक विचित्र आवाज आला. भाची म्हणाली, आईला ठसका लागला गं मावशी.

मला वाटतं, तिचा गळा दाटून आला.

हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, हसली ती.

१६ नोव्हेंबर, रविवार
केक गुंडाळायला ब्राऊन पेपर शोधताना ताईची जुनी पत्रं सापडली. चार-चार पानं. उजवीकडे झुकलेलं अक्षर, सिस्टरनी पट्टी घेऊन घोटून घेतलेलं. प्रत्येक पत्र 'प्रिय टिल्ले' ने सुरू. मला टिल्ली म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलंय.

तीन वर्षांत एकही पत्र नाही. येतात ते व्हॉइस मेसेज. शेवटचा अकरा सेकंदांचा होता. अकरा सेकंदांत काय बोलणार? बरी आहेस ना, मी बरी आहे, थंडी आहे.

शिवणाचं मशीनसुद्धा देऊन टाकलंय. चाळीस वर्षं त्या मशीनवर गावभरचे कपडे शिवले, माझा शाळेचा प्रत्येक फ्रॉक शिवला. आता बाईंना आराम हवा. वय झालं की काहींना आळस चढतो. माझं तसं नाही.

दोन ते साडेचार झोपले.

२२ नोव्हेंबर
बरणी हलवायची चार दिवस राहून गेली. रम बरीच खाली गेली आहे. फळं शोषून घेतात. ह्यांनाही विचारलं. म्हणाले, हो, फार पितात ही फळं. चेहरा गंभीर होता.

ताईचं अजून हो नाही, नाही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०
आजचा दिवस. वही उघडली. आईचं अक्षर फिकट झालंय, पण माझं पाठ आहे. 'लोणी व साखर हात दुखेपर्यंत फेटणे.' आईने वेळ कुठेच लिहिली नाही. माझा हात चार मिनिटांत दुखला. म्हणजे झालं.

केकच्या बाबतीत मला शिकवायची गरज नाही. जन्म त्यात गेला. आई वजन करायची. ताई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायची, मांडीत तपकिरी मोठं भांडं घेऊन, आणि फेटायची. उजवा हात दमला की डावा. आणि मी वही वाचून दाखवायची. सगळ्यात महत्त्वाचं काम ते. चुकीचं वाचलं असतं तर? शिवाय टिनचा कागद मी कापायची. कागद कापण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. आजही तळाचा गोल एका झटक्यात कापला, पेन्सिलसुद्धा लावली नाही.

आई गेल्यावर इतकी वर्षं केक आम्ही दोघींनी मिळूनच केला. ताईच्या घरी व्हायचा, इतकंच. मी कागद कापून घेऊन जायची.

संध्याकाळी ६
मैद्यात दोष असावा. फळं सगळी तळाला गेली आहेत आणि वरचा भाग भिंतीसारखा आहे. उंची दोन बोटं. पण फ्रूटकेकचं असं एका दिवसात सांगता येत नाही. त्याला मुरू द्यावं लागतं. वयाने मऊ होतो. माणसासारखाच.

हे म्हणाले, मला अजून तसा अनुभव नाही.

७ डिसेंबर
केकला रम पाजायची म्हणून विणायच्या सुईने भोकं पाडायला घेतली. सुई वाकली. हलक्या दर्जाच्या सुया आहेत.

केक कपाटावर ठेवला. अडीअडचणीला असू दे. वेळ आहे. दुसरा करते.

ताईचा मेसेज, नऊ सेकंद. येणार का, त्यावर काही नाही. दोनदा ऐकला. शेवटी टिल्ले म्हणते, तेवढं पुन्हा एकदा ऐकलं.

१३ डिसेंबर, शनिवार
आज गय नाही. समोर घड्याळ ठेवून चाळीस मिनिटं फेटलं. हे म्हणाले, दे, मी फेटतो. दिलं नाही. लोणी पांढरं, हलकं झालं, अगदी पायरीवरच्या भांड्यात व्हायचं तसं. टिन ओव्हनमध्ये. सुवास असा आला की मी डोळे मिटून उभी राहिले. वाटलं, मागे वळले तर आई पदराला हात पुसत असेल.

मग टिन काढायला गेले आणि हाताने ऐकलंच नाही. मनगटातून जीवच गेला. टिन जमिनीवर, केकचा चुरा.

आम्ही दोघांनी फरशीवर बसून चमच्याने खाल्ला. हे म्हणाले, आत्तापर्यंतच्या सगळ्यांत हा खरा. मी म्हटलं, फरशी ओली होती, पाय सरकला.

फरशी कोरडी होती. पण तसं सांगायची गरज नाही.

१४ डिसेंबर
उजवा हात वर होत नाही. कंगवा धरता येईना. कप डाव्या हाताने. स्वेटरची बटणं ह्यांनी लावून दिली, आणि लावताना मी खिडकीबाहेर पाहत होते. किती लाजिरवाणं वाटतं. चारचौघांत तर मी मेलेच असते.

ताईसुद्धा तीन वर्षांपूर्वी, त्या केकच्या दिवशी, भर थंडीत स्वेटर उघडाच टाकून बसली होती. मला तेव्हा वाटलं, एवढी शिवणकाम करणारी बाई, किती बेपर्वा.

असो. हात शेकते.

१६ डिसेंबर
भाचीचा फोन. आई येतेय. रविवारी तीन वाजता, आणि रात्री राहणार. मी म्हटलं, तिला सांग, केक तयार आहे.

फोन ठेवला आणि कॅलेंडर पाहिलं. बारा दिवस. भिजवलेली फळं संपली. हात अर्धा बरा.

२० डिसेंबर
सहज कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. फक्त बघायला. लोक हल्ली काय खातात ते माहीत असावं. बेकरीवाली बाई म्हणाली, घरच्यासारखा हवा असेल तर डावीकडचा घ्या. मी म्हटलं, घरच्यासारखा मला कशाला, माझ्या घरीच होतो. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात, बांधू का?

एक घेतला. तुलनेसाठी.

ओट्यावर ठेवून बराच वेळ पाहिला. मऊ आहे. फळं सगळीकडे सारखी आहेत. ह्यात प्रेम कुठे आहे, ते दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत शोधलं. अर्धा संपला.

२७ डिसेंबर, शनिवार
पुन्हा बेकरी. बाईने काही न विचारता डावीकडचा बांधला.

हा विकतचा केक आहे असं म्हणणं अर्धसत्य होईल. खालचा चुण्यांचा कागद मी काढला. वरची गुळगुळीत कड सुरीने खडबडीत केली. घरच्या केकला एक बाजू जरा लागतेच, म्हणून चिमट्यात धरून गॅसवर एक बाजू भाजली. जरा जास्त भाजली. मग रम पाजली. ह्यात सुई वाकली नाही. शेवटी माझ्या हाताने कापलेला कागद. आता हिशेब केला तर ह्यात निम्मं काम माझंच निघेल.

हे दारात उभे होते. म्हणाले, एवढ्या मेहनतीत तिची माफी मागून झाली असती. मी म्हटलं, ह्याचा आणि त्याचा काय संबंध?

झोप नाही. ती आली नाही तर काय, ह्याची काळजी महिनाभर केली. आता ती आली तर काय, ह्याची.

२८ डिसेंबर, रविवार
लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

ताई तीनला आली. बारीक झालीय. शाल अशी गुंडाळलेली की हात दिसत नव्हते. टेबलावर आईची प्लेट, प्लेटमध्ये केक. मी ठरवल्याप्रमाणे एक शब्द बोलले नाही. फक्त सुरी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तू मोठी, तूच काप.

भाची काहीतरी बोलणार होती. ताईने मान हलवून तिला थांबवलं. शालीतून हात बाहेर काढले.

बोटं सगळी एका बाजूला कललेली. सांधे गाठी मारल्यासारखे. दोन्ही हातांनी सुरी उचलली, केकपर्यंत नेली, आणि ती निसटून प्लेटवर पडली. निळ्या काठाचा टवका उडाला.

भाची म्हणाली, चार वर्षं झाली मावशी. फेटणं, शिवणं, लिहिणं, सगळं गेलं. तुला सांगायचं नाही असं आईनेच बजावलं होतं. ताई म्हणाली, मग काय? टिल्ली रडत बसली असती आणि माझं दुखणं बाजूला ठेवून सगळ्यांना तिचीच समजूत काढावी लागली असती.

मी रडले नाही, हे नमूद करते. सुरी घेतली आणि कापला. भाचीने तिला भरवला. ताईने सावकाश खाल्ला. म्हणाली, कोपऱ्यावरची बेकरी ना? चांगला असतो त्यांचा. पण हे लोक केक जाळायला कधीपासून लागले?

हे उठून स्वयंपाकघरात गेले. हसायला.

मग म्हणाली, तुझा कुठाय? मी म्हटलं, माझा काय, असाच... ती म्हणाली, आण. स्टूल घेऊन कपाटावरचा काढला. सुरी चालेना, ह्यांनी छोटी करवत आणली. ताईने तुकडा चहात बुडवून तोंडात ठेवला, लिमलेटच्या गोळीसारखा इकडून तिकडे फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, फेटलं नाहीस. मी म्हटलं, फेटलं, वहीत लिहिलंय तसं, हात दुखेपर्यंत. किती वेळ? चार मिनिटं.

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुसायला तिला रुमाल धरता येईना. मी पुसलं.

म्हणाली, अगं वेडे, आईने लिहिलं तो हात माझा होता.

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळी
माफी मागायची नाही असं ठरवलं होतं. मागितली नाही. एक तरी संकल्प तडीस गेला.

पुढच्या वर्षी केक डावीकडचा. तिच्या घरी. टवका उडालेली प्लेट तिच्या पिशवीत ठेवली आहे. कागद मी कापून नेईन.

निघायच्या आधी ताईला पलंगावर बसवून स्वेटरची बटणं लावून दिली. शाळेत असताना रोज सकाळी ती माझी लावायची, मी तोंडात पाव घेऊन उभी. सहा बटणं. वरपर्यंत पोचल्यावर कळलं, एक काज खाली उरलंय. सगळी काढून पुन्हा लावायला घेतली. तिसरं पुन्हा चुकलं. ताई म्हणाली, टिल्ले, तुला अजून बटणं लावता येत नाहीत.

मी म्हटलं, ह्या खोलीत उजेडच कमी आहे.

दहा वाजले होते. अख्ख्या पलंगावर ऊन होतं.