दोरांवर बसलेली वहिनी

शनिवार, दिवेलागणीला. बहादरपूर.

आजची वहिनी लिहून ठेवायलाच हवी.

सकाळी मोबाइलवर हवामानाचा अंदाज आला. दुपारी जिवावर बेतेल असं ऊन, संध्याकाळी वादळी पाऊस. मी हसलो, एका दिवसात दोन्ही कसं? दादा हसला नाही. घड लागलेली केळी वाऱ्यात पडते, म्हणून झाडं एकमेकांना दोरांनी बांधायची असतात. अर्धी बाग बाकी होती. मजुरांनी दुपारीही काम करावं, असं त्याचं म्हणणं.

वहिनीने दोरांचं भेंडोळं शेतातल्या खोलीच्या ओट्यावर टाकलं आणि सरळ त्यावर बसली.

"ऊठ ना, टाइम नाही आपल्याकडे!" दादा ओरडला.

"मालूम आहे मला. ऊन उतरलं की उठते. तोवर बागेत कुणी जायचं नाही." मग मजुरांना म्हणाली, "पन्हं घ्या आणि आडवे व्हा जरा."

दादा जेवलाही नाही. तेव्हा मला कुणाचं पटत होतं? दोघांचंही, बहुतेक.

ऊन कललं तशी ती उठली, दोर वाटले, पदर खोचून स्वतःही बांधायला लागली. मजुरांच्या बायका न बोलावता आल्या. तरी शेवटच्या काही ओळी राहिल्याच. आभाळ काळं झालं तसं तिने सगळ्यांना घरी पिटाळलं.

मग वारा सुटला. न बांधलेली झाडं धपाधप पडायला लागली. दादा आणि मी बागेकडे बघत उभे. वहिनीची बागेकडे पाठ. उरलेला दोर हातात तसाच धरून ती गावच्या रस्त्याकडे बघत होती, सगळे पोचले का ते.