टर्बो छोटाच बसवू

नांदुरा,
११ डिसेंबर २०२४, बुधवार

प्रिय नागसेन,

सप्रेम जय भीम.

तू बरा असशील आणि कोर्टात नेहमीसारखा तारखांवर तारखा घेत असशील. इकडे ठीक आहे. बाबांचा खोकला उतरला, आईचे गुडघे थंडीने कुरकुरतात आणि तुझी लाल गाडी माझ्या शेडमध्ये बॉनेट उघडून बसली आहे.

सोबतच्या खोक्यात तिचा जुना टर्बो आहे. पाती कशी झिजली ते तुला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून बुलढाण्याच्या एसटीत कंडक्टरकडे देते आहे. वकिलाला पुरावा लागतो, माझा शब्द कुठे पुरतो.

आता तुझा प्रश्न. मोठा टर्बो मी बसवणार नाही, कितीही व्हिडिओ पाठव. ती मुलं सरळ रस्त्यावर गाड्या पळवतात. तुला राजूर घाट चढायचा आहे. तिथे वळणावर वेग पडतो, तू पाय दाबतोस आणि गाडी ऐकतच नाही. मग वळण संपता संपता एकदम उसळते आणि तू घाबरून ब्रेक मारतोस. मारतोस, मी बघितलं आहे. इंजिनाच्या धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि तो फिरला की इंजिनात जास्त हवा कोंबतो. पंखा जेवढा मोठा, तेवढा त्याला जोर धरायला वेळ. म्हणून छोटा टर्बो, बॉल बेअरिंगवाला. अगदी वरच्या वेगात ताकद थोडी कमी मिळेल, पण त्या वेगाने तू जाणार कुठे? मोताळ्यापुढे म्हशी असतात.

फ्लायव्हीलचं चाकही हलकं नको. इंजिन चटकन उठेल, पण चढावर ट्रकमागे थांबलास की पुन्हा निघताना बंद पडेल आणि मागचे सगळे मला शिव्या देतील. त्यापेक्षा हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप आखूड करू, म्हणजे हवेला कमी फिरावं लागेल. त्यातल्या एका पाइपची क्लिप सैल होती, अर्धी हवा तिथूनच पळत होती. आणि एअर फिल्टर उघडला तर आत कापूस! जिनिंगसमोर गाडी उभी करून कुणाशी गप्पा मारत होतास रे? हे सगळं झालं की मग कॉम्प्युटरवर ट्यूनिंग.

झालं. गाडीचं एवढंच होतं, आणि त्यासाठी पत्र लिहायची गरज नव्हती, हे तुलाही कळलं असेल.

परवा तुझा फोन आला. तू किती खूश होतास! म्हणालास, "मावशीले पोरगी लय आवडली. म्हणे पोरगी मोठी शांत हाय. मी म्हटलं, मावशी, तू सहदेवरावच्याच घरी गेली होती न?" आणि बाबांचं नाव घेऊन तू हसलास. मीही "हो का" म्हणून हसले आणि फ्लायव्हीलचा विषय काढला.

नागसेन, मावशींनी मला बघितलंच नाही. त्यांनी आमच्या धाकट्या सुवर्णाला बघितलं.

गेल्या रविवारी मी तुझ्याच गाडीखाली होते. आई घाईने शेडमध्ये आली. "पाहुणे आले सुवर्णाले पाहाले. तू इकडंच राह्य, त्या काळ्या हातानं समोर येऊ नको." मी बरं म्हटलं. मग खिडकीतून तुझ्या सिंधूमावशींचा आवाज आला, "आमचा नागसेन म्हणे, मावशी, सहदेवरावच्या घरीच जा, दुसरीकडं पोरगी पाहाचीच नाही." मी गाडीखालून बाहेर आले आणि तिथेच उभी राहिले.

मावशींनी विचारलं, "अन् थोरली?" आई म्हणाली, "तिचं काय, ते गाड्यायमंधीच खुश हाय."

मी आत जायला हवं होतं. चार पावलं होती. पण मला फार वाईट वाटलं रे. पाहुणे माझ्यासाठी आले असतील, असं त्या घरात एकाच्याही मनात आलं नाही. आई वाईट नाही, हे मी तुला नेहमीच सांगते. पस्तिशीची, स्वतःचं गॅरेज चालवणारी मुलगी "दाखवायची" असते, हे तिला सुचलंच नाही. आणि मग एक घाण विचार आला, की तू कदाचित सुवर्णासाठीच पाठवलं असशील. घाटात तू विचारलंस, "घरी कोणाले पाठवू का?" आणि मी म्हणाले, "आधी गाडीचं होऊ दे." असलं उत्तर ऐकून माणूस दुसरीकडे वळला, तर त्याचा काय दोष? परवाच्या फोनने तो विचार धुऊन गेला, पण तेव्हाही मी बोलले नाही. फोनवर मला इंजिनाशिवाय बोलताच येत नाही. म्हणून हे पत्र.

सुवर्णाला काल सगळं कळलं. डबा घेऊन शेडमध्ये आली, गाडीच्या कागदांवर तुझं नाव बघितलं आणि ते कागदच माझ्यापुढे धरले. "ताई, हा तोच नागसेन न, ज्याचा फोन आला की तू बाहेर जाऊन बोलते? मंग काऊन बोलली नाही तू?" मी म्हटलं, तुला मुलगा आवडला असता तर? ती भडकली. "मले कोणी इचारलं का? माही परीक्षा राह्यली बाजूला, मले चहा देऊन उभं केलं! तू नाही सांगितलं त मीच सांगते सगळ्यायले." लहान आहे, पण माझ्यापेक्षा तिच्या तोंडाला धार आहे.

आता येत्या रविवारी बाबा आणि माणिकराव काका तुमचं घर बघायला बुलढाण्याला यायचे आहेत. बाबांनी शर्ट इस्त्रीला टाकला आहे. ते आले, बोलणी झाली, दोन्हीकडच्या माणसांनी शब्द दिले, की मग तोंड उघडणं फार अवघड. सुवर्णाचाही अपमान आणि मावशींचाही. त्याआधी तू मावशींना सांग. रागावतील, रागावू दे. आईबाबांना तू सांगू नकोस. खोकं एसटीत चढवून घरी गेले की मीच सांगणार आहे, हात न धुता.

आणि घाटातल्या तुझ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. पाठव. मावशींनाच पुन्हा पाठव. या वेळी मी समोर येऊन बसेन, त्यांना काय विचारायचं ते मला विचारू देत. मी शांत नाही, हे त्यांना तू आधीच सांगून ठेव.

तू जिला मागणी घातलीस ती,
रेणुका