दाढ आणि खालचा ओठ

७ जून
परवा लिहिलं की दाढ काढली तर ओठ बधिर होतो असं डॉक्टर म्हणाले. चुकीचं लिहिलं. ते म्हणाले, "होऊ शकतो. बहुतेकांची जाणीव परत येते. क्वचित एखाद्याची नाही." घाबरून मी 'क्वचित' गाळलं.
खालची उजवी अक्कलदाढ. आडवी, मूळ नसेजवळ. रोह्याहून पेणला परत आले.

९ जून
ओठावाचून माझं काय अडतं, ते डॉक्टरांना सांगितलंच नाही. गणपतीचे डोळे आखताना कुंचला खालच्या ओठावरून फिरवते. टोक जुळलं का ते ओठाला कळतं. शाळेत जायच्या आधी बाबांनी हे शिकवलं. आता त्यांचा हात थरथरतो. आमच्या मूर्तींच्या कारखान्यातली डोळ्यांची सगळी आखणी माझ्याकडे.

१२ जून
पुन्हा सूज. तोंड दोन बोटंही उघडेना. रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून ताईचा व्हिडिओ कॉल. "गालात मोदक लपवलायस काय गो?" हसले, तर कळ कानापर्यंत.
बाबा म्हणाले, "दाढ काय पळून जात नाय. विसर्जन झालं की काढ."
आई : "नि मधेच सुजली तर डोळे कोण काढणार? तुम्ही?"
बाबा उठून बाहेर गेले. आईचं खरं होतं. पण तसं बोलायला नको होतं.

१५ जून
गोळ्यांनी सूज उतरली. दुपारी बर्फ लावून ओठ बधिर केला आणि एका लहान मूर्तीचे डोळे आखले. पहिली रेघ जाड. पुसली. मग टोक नखावर बघत बघत. फार वेळ लागला.
बाबांनी मूर्ती खिडकीपाशी नेली. "उजवा बरा हाय. डावा कुणावर रागावलाय गो?"
बर्फाचं सांगितलं. त्यांनी मूर्ती तयार मालाच्या फळीवर ठेवली नाही, पुसायलाही सांगितलं नाही.

१६ जून
नखावर पुन्हा. डावा थोडा निवळला. थोडाच.
न काढली तर ऐन आखणीत सुजणार, हे नक्की. काढली तर, क्वचित. दोन्ही भीती सारख्या नाहीत, एवढं तरी कळलं.

१७ जून
रोह्याच्या डॉक्टरांना फोन केला. दाढ काढायची. शनिवार, २१ जून. बाबांना सांगितलं. "व्हय," एवढंच म्हणाले. मग मंडळाच्या दोन मोठ्या मूर्ती स्वतःच माझ्यापुढे ओढून ठेवल्या.
ओठ शाबूत आहे तोवर, शुक्रवारपर्यंत, या दोन मूर्तींचे डोळे करून घेते.