धुण्याच्या मशीनचं गाणं आणि आईचा पाळणा

ता. ३ फेब्रु., मंगळवार

मनी बाळाला घेऊन परवा दवाखान्यातनं घरी आली. पहिली नात! नाक माझं, कपाळ यांच्याकडचं, बोटं अशी लांब लांब की काय सांगू. सकाळपासून तीन वेळा मीठमोहऱ्या उतरवल्या. लेक माहेरी, मांडीवर नात. लई बरं वाटतंय.

एवढंच, की तो टीव्ही. यांना संध्याकाळी मालिका लागती, नि मालिकेत दर पाच मिनिटाला ती धुण्याच्या मशीनची बया. मोकळे केस, अंगात रेशमी साडी, हातात एक चिंधी न्हाई, नि नाचती. "गोल गोल फिरू दे, डाग सारे विरू दे, आईच्या मायेनं धू दे धू दे." किळस येती. मी चाळीस वर्षं दगडावर धुणं आपटलं, कंबर गेली, माया मधे कुठं आली न्हाई. तिच्या आधी एक बाप्या फ्रिजला मिठी मारून गातो. बायकोला कधी अशी मारलीस का रे बाबा?

ता. ५ फेब्रु., गुरुवार

बाळ पहाटेपासून रडत हुतं. शेक दिला, बेंबीला हिंग लावला, खांद्यावर घेऊन फिरले. गप होईना. मनीनं काय करावं? मोबाईलवर तीच बया लावली नि कानाशी धरली. पोर गप! टकामका बघायला लागली.

म्हटलं, "बंद कर ते. आठवड्याचं पोर ते."

"आई, गप झाली ना? मग तुला काय हुतंय?"

"मशीन आपल्या घरात न्हाई, गाणं तेवढं आलं."

हे हसले. मी न्हाई.

बारशाला मी आईचा पाळणा म्हणणार हाय. आई रानात कामाला जायची तवा झाडाला झोळी बांधायची, तिथला हाय तो.

निंबाच्या फांदीला बांधली गं झोळी,
वाऱ्यानं आणली झोपेची मोळी.

पुढं मोठा हाय. आमा सगळ्या भावंडांना आईनं त्याच्यावर निजवलं, मी माझ्या दोन्ही लेकरांना. मनीला म्हटलं शिकून घे. तर म्हणते, "बारशाला म्हण, तवाच रेकॉर्ड करते." बरं बाई.

ता. ८ फेब्रु., रविवार

मेथी निवडत हुते. हे दारात येऊन म्हणाले, "काय गं, कंपनीत लागलीस का काय?"

मला कळेना. मग कळलं. मीच गुणगुणत हुते. धू दे धू दे. उठले नि मोरीत जाऊन थुंकले, खरंच थुंकले. तोंड विटाळल्यागत झालं. गल्लीत पोरं तेच म्हणत्यात, दूधवाला तेच. त्यापरीस घंटागाडीचं गाणं बरं, कचरा तरी नेतं.

ता. १० फेब्रु., मंगळवार. बारसं

घुगऱ्या चांगल्या झाल्या, आधी ते लिहिते.

विहीणबाई श्रीगोंद्याहून जीप भरून बायका घेऊन आल्या. आत्यानं कानात नाव सांगितलं, रेवा. तिच्या पाठीत धपाटे बसले, हसाहशी झाली. मग सगळ्या म्हणाल्या, आजी, पाळणा म्हणा. मनीनं मोबाईल धरला. मी दोरी हातात घेतली.

शब्द आईचे, नि चाल त्या बयेची.

पहिली ओळ सरली तरी मला पत्ता न्हाई. बायका का हसत्यात, म्हटलं पदर सुटला का काय. तर मागनं एका पोरीनं "धू दे धू दे" जोडलं. सगळं घर टाळ्या वाजवतंय.

विहीणबाई म्हणाल्या, "काय ओ विहीणबाई, नातीला मशीन देताय वाटतं? श्रीगोंद्याला पोच करा बरं का!"

हसले. काय करणार. रेवा मात्र झोपून गेली, गाढ. जावईबापूंनी ते स्टेटसला ठेवलं.

माझीच मला किळस आली. आईचं गाणं नि माझ्या तोंडात हे असलं...

ता. ११ फेब्रु., बुध.

सकाळी मोरीचं दार लावून म्हणून बघितलं. शब्द सगळे हायेत, एक सांडला न्हाई. चाल न्हाई. "झोळी"पाशी आवाज वर जायचा का खाली? ती बया वरच नेती. डोळे मिटले की तिची साडी दिसती. आईला जाऊन सोळा वर्षं झाली. तिचा आवाज कुठं भरून ठेवलेला न्हाई.

मनी म्हणाली, "शब्द हायेत ना आई? चालीचं काय एवढं?"

म्हटलं, "शब्दानं कुणाला झोप लागती का?"

यांनी दिवसभर टीव्हीची पिन काढून ठेवली. मालिका बी न्हाई.

ता. १३ फेब्रु., शुक्र.

थोरली बहीण, अक्का, पारनेरकडं असती. तिला फोन लावला.

"अक्का, आईचा पाळणा म्हन."

"मी? माझा गळा म्हंजी फुटकं मडकं. आन बारशात नाचलीस म्हनं तू!"

इथवर गेलं स्टेटस. लई गयावया केली. मग खोकत खोकत दोन ओळी म्हणाली. झोळीपाशी आवाज खाली गेला. खालीच!

"व्हय, व्हय, असंच! पुढचं म्हन."

"पुढचं मला न्हाई येत गं. पुढं आमी झोपलेलो असायचो."

ता. १५ फेब्रु., रवि.

दोन ओळी हायेत. रेवाला त्याच म्हणते, परत परत. तिसरीला तोंड उघडलं की बया आत शिरती, म्हणून तिथंच थांबते. दोन ओळीत पोर काय झोपत न्हाई.

आत्ता मनी ते बयेचं गाणं लावायला मोबाईल घेऊन दारात आली. म्हटलं, "थांब जरा."

थांबली.

रेवा माझ्या तोंडाकडं बघतीय.